बिया टाकल्यासारखं

पांबुदीच्या हातातल्या सेराबी, तांदळाची जाडसर धिरडी, अजून गरम होत्या. केळीच्या पानातून त्यांची ऊब तळहाताला लागत होती आणि नारळाच्या दुधाचा, कडेला किंचित करपलेला वास गल्लीभर त्याच्या सोबतीने चालत होता. बू विनार्सींना, म्हणजे विनार्सीबाईंना, ती करपलेली कड आवडे, म्हणून चुलीपाशी बसलेल्या बाईला सांगून त्याने कडा जरा जास्तच खरपूस करून घेतल्या होत्या. आदल्या दिवशी वर्गात जे छान घडलं त्यात त्यांच्या धीराचाही वाटा होता असं तो मानी, पण त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे त्याला दिवसभर सुचलं नव्हतं. शब्दांचं काम सेराबी करतील अशी त्याची समजूत होती. सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनासाठी गल्लीत तांबड्या-पांढऱ्या पताका लागल्या होत्या आणि वाऱ्याने त्या एकमेकींवर घासत होत्या. बू विनार्सींच्या अंगणाचं बांबूचं फाटक ढकलायला त्याने हात पुढे केला, आणि घराच्या मागच्या ओटीवरून एका सुरात पाढा ऐकू आला. सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस. सात सक बेचाळीस. तो नकळत हसला. बू विनार्सी पाचवीला शिकवत, त्याच्या चौथीच्या वर्गाला लागून. त्यांच्या शिकवणीतही त्यांचा तोच जुना सूर होता. मग त्याची नजर पायरीजवळच्या चपलांवर गेली. त्यांतली एक निळी जोडी त्याच्या ओळखीची होती. एक पट्टा तुटलेला, लाल प्लॅस्टिकच्या सुतळीने बांधलेला. मेनिकची. तिच्या बाजूला तेगारच्या चपला, टाचेकडे झिजून काठासारख्या पातळ झालेल्या. मग बाकीच्याही एकेक करून ओळखू आल्या, जसे अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर चेहरे दिसू लागावेत. ही पाचवी नव्हती. हा त्याचा वर्ग होता.

पाढा थांबला. बू विनार्सींचा आवाज आला, घरातला, मऊ. "हां. आता नीट ऐका. पाक गुरूंनी विचारलं की लगेच बोलायचं नाही. तेगार, काल तू त्यांचं विचारून व्हायच्या आत उत्तर फेकलंस. पाहुण्यांच्या लक्षात आलं नाही म्हणून निभावलं. आधी मूठ भरायची. घराघरांत बिया टाकल्यासारखं करायचं, ओठ हलवायचे, आणि मग सांगायचं. घाई कशाला?" पाक गुरू म्हणजे तोच; मुलं त्याला गुरुजी म्हणून अशीच हाक मारत.

"बू गुरू, खरंच टाकायच्या की नुसतं तसं करायचं?"

"खऱ्या टाकत बसलास तर दिवेलागण होईल, बाळा."

सगळे हसले. बू विनार्सीही हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा असती तर पांबुदीला ते सोसलं असतं. कुचेष्टेला उत्तर असतं, निदान पाठ तरी फिरवता येते. पण ते घरातलं हसणं होतं. घरातला एखादा म्हातारा ऐकू न येताही मान डोलावतो तेव्हा त्याच्यामागे जेवढ्या प्रेमाने हसतात, तेवढ्याच प्रेमाचं. फाटकावरचा हात त्याने काढून घेतला. बांबू करकरू नये म्हणून तो हलकेच काढला, आणि तेवढ्यातही त्याला जाणवलं की आपण या क्षणीसुद्धा त्यांना अवघडायला होऊ नये याचीच काळजी घेतो आहोत.

तो परत फिरला तो घरच्या वाटेने नव्हे. पेपे नाल्याच्या कडेने, जिकडे पाय नेतील तिकडे. पानातल्या सेराबी हळूहळू निवत होत्या आणि त्याच्या डोक्यात कालचा दिवस पुन्हा सुरू झाला होता, पण आता उलट्या बाजूने, शिवण उसवावी तसा. काल शिक्षण कचेरीचे दोन पाहुणे वर्गात मागच्या बाकावर बसले होते, गुडघे बाकाखाली मावत नव्हते. मधे त्याचा डाकोनचा पाट. फणसाच्या लाकडात कोरलेली सात घरं या बाजूला, सात त्या बाजूला, दोन्ही टोकांना एकेक मोठं कोठार. आणि चिकूच्या बिया, काळ्या, तुकतुकीत, हातात घेतल्या की पाण्यातून काढल्यासारख्या गार. बाकीच्या मुलांसाठी त्याने पुठ्ठ्याचे पाट केले होते, अंड्यांच्या ट्रेमधून कापलेली घरं डकवून. भागाकार म्हणजे वाटणं, हे त्याला या खेळाने दाखवायचं होतं. बिया घरांत वाटायच्या, प्रत्येक घरात किती आल्या ते बघायचं, शेवटी हातात काय उरलं ते बघायचं. पाढा म्हणजे तोंडाला लागलेली सवय, बी म्हणजे बोटाला कळलेली गोष्ट, असं तो शिक्षकांच्या खोलीत एकदा म्हणाला होता, आणि बू विनार्सींनी चहाचा पेला खाली ठेवून मान हलवली होती. किती हळुवार हलवली होती. काल मुलं धडाधड उत्तरं देत गेली. पाहुण्यांपैकी एकाने एक बी उचलून चिमटीत फिरवून पाहिली. मुख्याध्यापक दाराशी उभे होते आणि त्यांची छाती आपसूक पुढे आली होती. येत्या शनिवारी शहरातल्या शाळांचे शिक्षक एका सभागृहात जमणार होते आणि पांबुदीने आपल्या मुलांना घेऊन तिथे हा खेळ दाखवायचा होता. पुढल्या वर्षी तो सगळ्या वर्गांत जाईल, असं पाहुणे म्हणाले होते. काल घरी जाताना त्याला आईच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा भूक लागली होती.

पाट आईचा होता. ती बाटिकचं काम करी. वितळलेल्या मेणाची नळी कापडावरून फिरवता फिरवता तिच्या बोटांची टोकं जाड झाली होती, इतकी की बी हातात आहे की नाही हे तिला बघावं लागे. दुपारी मेण निवत ठेवलं की ती पाट मांडी. पांबुदीला त्या दुपारचा उजेड आठवत होता, छपराच्या फटीतून पाटावर पडणारी एक पट्टी, आणि तिच्यातून ये-जा करणारा आईचा हात. एक घर उचलायचं, पुढच्या घरांत एकेक बी सोडत जायचं, आपल्या कोठारात एक, समोरच्याच्या कोठाराला वगळून पुन्हा वळसा. शेवटची बी भरल्या घरात पडली तर ते घर उचलून पुढे, रिकाम्या घरात पडली की डाव मेला. एक खेळ संपला की आपल्या कोठारातल्या बियांनी पुन्हा आपली घरं भरायची. जे घर भरायला बिया पुरत नाहीत ते पडीक. त्यात त्या खेळात कुणीच बी टाकायची नाही. "हे माझं घर पडीक," आई म्हणे. "यंदा इथे पाऊस नाही." आणि ती हसे, हरल्याचा तिला काही खेदच नसे. ती नेहमी हरे. दोन बियांनी, कधी चार. पांबुदी लाजाळू मुलगा होता. शाळेत कुणी नाव विचारलं तरी त्याच्या कानाच्या पाळ्या तापत. पण त्या पाटासमोर त्याला वाटे की आकडे आपल्याला ओळखतात. पुढे तो शिक्षक झाला तो त्या दुपारच्या बळावरच झाला होता.

आई पावसाळ्याच्या शेवटी गेली. तिच्या चाळिसाव्या दिवशी शेजारपाजार जमला, भाताच्या टोपल्या वाटल्या गेल्या, बू विनार्सी सकाळपासून चुलीशी बसून होत्या. थोड्याच दिवसांत जुलै उजाडला, शाळेचं नवं वर्ष, आणि तो पाट काखेत मारून वर्गात गेला. पहिला खेळ मेनिकशी. एवढीशी काटकुळी पोर, आई डोक्यावर औषधी काढ्याच्या बाटल्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरणारी. मेनिकने त्याला हरवलं. चांगलंच हरवलं, त्याची तीन घरं पडीक पडली. आणि त्या तीन रिकाम्या घरांकडे पाहताना, त्या पाटावर आपण आजवर कधीच हरलो नव्हतो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे डोळे भरून आले. तो पटकन वळला. कोऱ्या फळ्यावरून डस्टर फिरवत राहिला, खडूची भुकटी डोळ्यांत जाऊ दिली, म्हणजे डोळे चोळायला कारण झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. नाल्याच्या कठड्याला टेकून उभा असताना ते त्याला आत्ता का आठवावं, हे त्याला कळेना. सेराबी आता पार गार झाल्या होत्या. घरी जाऊन त्याने पान सोडलं तेव्हा नारळाचं दूध आंबू लागलं होतं. तरी त्याने करपलेल्या कडा तेवढ्या मोडून खाल्ल्या, दुसऱ्यासाठी आणलेलं चोरून खावं तशा.

गुरुवारी वर्गात तो नेहमीच्या जागी उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "छप्पन्न बिया. सात घरं." आणि पाहू लागला. पूर्वी तो उत्तराकडे पाहत असे. आज तो हातांकडे पाहत होता. किती देखणे हात. तेगारची मूठ पुठ्ठ्याच्या पाटावरून फिरली, प्रत्येक घरावर क्षणभर थांबली, बोटं उघडली, मिटली, आणि एकही बी पडली नाही. मुठीतल्या बिया त्याने करंगळीखाली दाबून धरल्या होत्या. ओठ हलत होते. शेजारची मुलगी तर घराच्या तळाशी बोट टेकवून आवाजही काढत होती, टक्, टक्, बी पडल्यासारखा. अख्खा वर्ग एखाद्या नाचासारखा एका लयीत हलत होता, आणि हा नाच त्यांनी फक्त त्याच्यासाठी बसवलेला होता. वीस-पंचवीस मुलांनी दिवसेंदिवस दुपारच्या दुपार घालवून एका माणसाला फसवायचं कसब कमवावं, एवढं प्रेम त्याच्यावर कुणी केलं नव्हतं. आणि एवढा अपमानही. "आठ," तेगार म्हणाला, ठरल्याप्रमाणे किंचित उशिरा.

"छान," पांबुदी म्हणाला. "आता अठ्ठावन्न."

हात थांबले. अठ्ठावन्न पाढ्यात नव्हतं. मुठी पाटावर तशाच अधांतरी राहिल्या आणि मुलांचे डोळे, एकामागून एक, डाव्या हाताच्या भिंतीकडे वळले. त्या भिंतीपलीकडे पाचवीचा वर्ग होता. भिंतीतून काही ऐकू येईल अशा आशेने ती बघत होती. एकटी मेनिक भिंतीकडे बघत नव्हती. ती पांबुदीकडे बघत होती, फार लक्षपूर्वक, आणि तिने हात वर केला नव्हता. त्याने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावावा इतकी जागा त्या वेळी त्याच्या मनात नव्हती. "असू दे," तो म्हणाला. "उद्या बघू." वर्गभर सुटकेचा एक लहानसा श्वास फिरला, आणि तोही त्याला लागला.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बू विनार्सी एकट्याच होत्या. तळलेलं टेंपे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, कागदात घेऊन हिरव्या मिरचीबरोबर खात होत्या. कुणी नसलं की पांबुदी त्यांना थोरल्या बहिणीसारखं म्बाक म्हणे आणि त्या त्याला दिक, म्हणजे धाकटा.

"ये, दिक. खा. मिरची जपून, आज पेटलीय नुसती."

"काल संध्याकाळी मी सेराबी घेऊन आलो होतो, म्बाक."

त्यांचा हात तोंडाशी थांबला नाही. त्यांनी घास खाल्ला, बोटं कागदाला पुसली. "मग आत का नाही आलास?"

"आत जागा नव्हती."

"चपला बघितल्यास."

"हो."

त्यांनी उरलेलं टेंपे नीट गुंडाळून ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्याचं काही नव्हतं. पदार्थ वाढायला वेळ झाला तर यजमानिणीच्या तोंडावर येतं तेवढंच. "पहिल्या चाचणीनंतर आईबाप माझ्याकडे आले. निघाले होते तुझ्याकडेच, मीच अडवलं. तुझ्या घरचा चाळिसावा होऊन महिना झाला नव्हता. त्या दारात जाऊन कोण म्हणणार, तुमचा खेळ गोड आहे हो, पण पोरांना भागाकार येत नाही?"

"तुम्ही म्हणू शकत होता."

"मी?" त्या हसल्या. "मी तर मुळीच नाही. तू पाट मांडलास की तुझ्या तोंडावर उजेड यायचा. तो मी पुसू? म्हटलं, पोरांना मी बघते, त्याला त्याचा खेळ खेळू दे. कुणाचं काय बिघडलं? मुलं पास झाली, तू हसायला लागलास."

"आणि शनिवारी? सगळ्या शाळांसमोर?"

"शनिवारी पण होईल छान. तेगारला तेवढं समजावलंय, तो भलताच घाईचा."

"म्बाक," तो म्हणाला, आणि त्याला ऐकू आलं की आपला आवाज वर चढण्याऐवजी आणखी खाली गेला आहे, "एकदा तरी सांगायचं होतं. मी वर्गात उभा राहून बोलत होतो, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही मला माझ्याच वर्गात पाहुणा करून ठेवलंत."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "रागावलास."

"हो."

"रागावतोस तेसुद्धा किती हळू बोलतोस, दिक. अशा माणसाला खरं सांगायला फार कठीण जातं. तू भांडला असतास तर मी कधीच सांगितलं असतं." आणि त्यांनी टेंपेचा कागद त्याच्याकडे सरकवला, कारण सुट्टी संपत आली होती आणि त्याने काही खाल्लं नव्हतं.

तो व्हरांड्यात आला. राग करायचा असतो कसा, हे या शहरात त्याला कुणी शिकवलं नव्हतं. इथे राग घराबाहेर पडत नाही. तो आतल्या खोलीत बसून राहतो, त्याला वेळेवर चहा दिला जातो, आणि पाहुण्यांना त्याचं अस्तित्वही कळत नाही. शनिवारी आपण जाणार नाही असं मुख्याध्यापकांना सांगायचं त्याने ठरवलं होतं. ते झेंड्याच्या खांबाशी दोरी तपासत उभे होते. त्याला पाहताच ते मोकळे हसले. तरुण शिक्षकांना ते आपुलकीने मास, म्हणजे भाऊ, म्हणत. "शनिवारी बाटिकचा चांगला सदरा घाला हां, मास. मुलांची काळजी नको. बू विनार्सी त्यांना तयार करतीलच, नेहमीसारखं."

नेहमीसारखं. ते शब्द त्यांनी दोरीची गाठ बघता बघता इतक्या सहज उच्चारले की आपण काही उघड केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणजे हेही. आणि मग रोज सकाळी कचरा पेटवणारा शिपाई, फाटकाशी मीटबॉलची गाडी लावणारा, जाता-येता त्याला मोठ्या आदराने "मजेत ना, पाक गुरू?" म्हणणाऱ्या आया, सगळ्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून गेले, आणि प्रत्येकाच्या स्मितात त्याला तीच जपणूक दिसली, आजाऱ्याच्या खोलीतून जाताना पावलं वाजू नयेत म्हणून करतात तशी. "जी," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. त्या "जी"चा अर्थ हो होता की नाही, हे दोघांपैकी कुणालाच त्या क्षणी जाणून घ्यायचं नव्हतं. संध्याकाळी तो घरी बसून राहिला. भागाकार आपण शिकवला नव्हता, हे दुःख त्याला हळूहळू कळेनासं झालं आणि दुसरंच काही उरलं: आपण आनंदात होतो ते सगळे दिवस आता कुणाचे होते? ते त्याचे नव्हते. ते त्याला वापरायला दिलेले होते, लग्नात वराला उसना सदरा द्यावा तसे, आणि सगळा मांडव जाणून होता की सदरा कुणाचा.

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. मुलगे टोप्या घालून मशिदीकडे पांगले. जुम्म्याच्या नमाजाला अजून अवकाश होता. वर्गात मेनिक तेवढी राहिली होती, आईची फेरी संपेपर्यंत ती शुक्रवारी तिथेच बसे. पांबुदी पाट कापडात गुंडाळून घरी न्यायला आला होता. तो आता पुन्हा वर्गात आणायचा नाही, इतकं तरी त्याने स्वतःशी ठरवलं होतं.

"एक खेळ, पाक गुरू?" मेनिक म्हणाली. बहुधा त्याचं तोंड पाहूनच म्हणाली.

तो बसला. नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. बिया घरांत पडू लागल्या, आणि रिकाम्या वर्गात त्यांचा आवाज मोठा झाला. आज तो खेळत नव्हता, बघत होता. मेनिकचा हात एका भरल्या घरावर गेला, थांबला. तिचे ओठ हलले. पण हे हलणं वर्गातल्यासारखं नव्हतं, त्याला लय नव्हती, ते अडखळत होतं. "अठरा," ती पुटपुटली, जणू स्वतःच्याच कानात. "पंधरा गेल्या. तीन." तो दचकला. एका वळशात पंधराच घरं लागतात, तिची सात, त्याची सात आणि तिचं कोठार. अठरा बिया म्हणजे एक वळसा पुरा आणि तीन घरं पुढे. शेवटची बी कुठे पडेल हे तिने बी न टाकता जाणलं होतं. हा भागाकार होता, बाकीसकट. हा कोणत्या पाढ्यात नव्हता आणि बू विनार्सींच्या ओटीवर तो कुणी घोकून घेतला नव्हता. आणि मग तिने ते घर सोडून दिलं. त्या घराने तिचा डाव पुढे चालला असता. तिने शेजारचं घर उचललं, शांतपणे बिया सोडत गेली आणि शेवटची बी त्याच्या बाजूच्या रिकाम्या घरात ठेवून आपला डाव मारून टाकला. "अरेरे," ती म्हणाली. अगदी हुबेहूब.

खेळ संपला, बिया मोजल्या. त्याच्या पन्नास, तिच्या अठ्ठेचाळीस.

"दोनच बियांनी हरले," मेनिक म्हणाली.

छपराच्या फटीतून पडणारी ती उजेडाची पट्टी, तिच्यातून जाणारा तो जाड बोटांचा हात, एखाद्या घरावर जरा जास्त रेंगाळणारा. बी दिसावी म्हणून रेंगाळतो असं त्याला वाटे. नेहमी दोन बियांनी. कधी चार. इतकं नेमकं हरायला माणसाला किती पुढचं दिसावं लागत असेल. त्या सगळ्या दुपारी एक एक करून त्याच्या हातून सुटल्या, आणि त्यांत बसलेला तो हुशार मुलगाही. आकडे त्याला ओळखत नव्हते. आकडे आईला ओळखत होते, आणि तिने ते कधी त्याला कळू दिलं नाही. खरी खेळली असती तर ती कशी खेळली असती, हे ती बरोबर घेऊन गेली.

"मेनिक," तो म्हणाला, "ते अठराचं घर का नाही उचललंस?"

ती पाटाकडे बघू लागली. सुतळीचा पट्टा बोटाने ओढत राहिली.

"सांग. मी बू गुरूंना सांगणार नाही."

"बू गुरूंना हे माहीत नाही," ती पटकन म्हणाली. "हे आमचं आम्ही ठरवलंय. पाढे त्यांचे. हरायचं आमचं." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबवेना. "सगळ्यांना नाही जमत, पाक गुरू. तेगार हरतो तर वीस-वीस बियांनी हरतो, तुम्हाला कळलं असतं. म्हणून त्याला तुमच्याशी खेळायला आम्ही पाठवतच नाही. मला जमतं. आणि त्या मागच्या बाकावरच्या दोघींना थोडं थोडं."

"पण का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, एवढं साधं कसं विचारता असं. "तुम्ही हरलात की रडता ना."

वर्गात ऊन आलं होतं. फळ्याच्या खालच्या पट्टीवर डस्टर होतं, खडूची भुकटी होती.

"पहिल्या दिवशी," मेनिक म्हणाली. "माझ्यामुळे. तुम्ही फळा पुसत होता, पण फळ्यावर काही नव्हतं."

बाहेर कुणीतरी सायकल उभी केली. पांबुदीने दोन्ही कोठारांतल्या बिया काढल्या आणि एकेका घरात सात सात मोजून ठेवू लागला. मोजताना चुकून एका घरात आठ पडल्या, मेनिकने न बोलता एक काढून शेजारी ठेवली.

"आता खरं खेळ," तो म्हणाला.

"खरं म्हणजे?"

"मला हरव."

ती मागे सरकली, मारायला सांगितल्यासारखी. "तुम्ही रडणार नाही ना?"

रडणार नाही, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. मग त्याला वाटलं, आज या खोलीत तेवढं तरी नको. "ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण तू खेळ. उद्या तिथे सभागृहातही आपण दोघंच जाऊ. पाढे नाहीत, बाकीचं कुणी नाही. हा पाट, आणि असंच खेळायचं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. आणि शेवटची बी कुठे पडणार ते कसं ओळखतेस, ते त्यांना सांगायचं."

मेनिकने विचार केला. "तुम्ही हराल, पाक गुरू."

"हो."

"बू गुरूंना आवडायचं नाही."

"नाही आवडणार," तो म्हणाला, आणि ते म्हणताना बू विनार्सींचा दुखावलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याला त्यांची दया आली नाही. पुढे कधी येईल, कदाचित लवकरच येईल; आज नव्हती.

मेनिकने बाह्या सारल्या. ती वाकली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, खूप दिवस काखेत धरलेलं ओझं खाली ठेवावं तसं. आता ती अरेरे म्हणत नव्हती. तिचा हात घर उचले, वळसा घाली, पुन्हा उचले, पुन्हा. एकेका डावात ती इतकी दूर जाई की पांबुदीला हात मांडीवर ठेवून वाट बघत बसावं लागे. पहिला खेळ संपला. त्याने आपल्या कोठारातल्या बियांनी आपली घरं भरायला घेतली. एक भरलं, दुसरं भरलं, तिसरं. चौथ्यापाशी बिया संपल्या. त्याने रिकाम्या घरात बोट घातलं. तळ गुळगुळीत होता, कितीतरी वर्षं जाड झालेल्या बोटांनी घासून घासून केलेला.

"हे घर पडीक," मेनिक म्हणाली, आणि पुढच्याकडे बोट केलं. "हे पडीक. हे पण. हे पण."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला त्याची जराही कीव येत नव्हती. ती बिया मोजत होती.